कवी नारायण वामन टिळक : बुद्धीकडून भक्तीकडे

देव आहे असे म्हणणे निराळे आणि देवावाचून करमत नाही हे निराळे. पहिले बुद्धीचे काम, दुसरे हृदयाचे. या दोहोंमधली वाट किती लांबची असते, हे पाहायचे असेल तर कवी नारायण वामन टिळक यांचे चरित्र पाहावे. ते ख्रिस्ती होते. पण त्यांच्या वाटेवर आमचे तुकोबाराय उभे आहेत, म्हणून ते आम्ही वारकरी बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत. धर्मांतराचा वाद आम्हांस येथे करायचा नाही.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे कोकणस्थ ब्राह्मणाच्या घरी झाला. आई जानकीबाई भाविक. कवितेची गोडी पोराला आईकडून लागली. ती माउली लवकर गेली आणि वडिलांशी काही पटेना. मुलगा घर सोडून नाशिकला आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृत शिकला, थोडे इंग्रजीही शिकला. १८८० मध्ये लक्ष्मीबाईंशी लग्न झाले. संसार मात्र एका जागी कधी ठरला नाही. आज या गावी, उद्या त्या गावी. नागपुरास अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने काही काळ ग्रंथांचे काम केले.

जातिभेदाने पोखरलेला समाज पाहून त्यांचा जीव तळमळे. या देशाला तारील असा धर्म कसा असावा, याची मुद्देसूद मांडणी त्यांनी मनाशी केली. ईश्वर सर्वांचा पिता, सगळी माणसे भावंडे, अशी ती मांडणी. वैद्याने औषध शोधावे तसा हा शोध होता. त्यात तळमळ खरी होती. पण रोगी देश होता, आपण नव्हे!

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एक गोरा प्रवासी भेटला. त्याने गोड बोलून त्यांना बायबल दिले आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगितले. टिळकांना ते काही पटले नाही. पण वाचण्याचा शब्द दिला होता, तो पाळला. वाचता वाचता येशूचे डोंगरावरचे प्रवचन आले आणि पुस्तक खाली ठेववेना. आपल्या मांडणीतला धर्म येथे आहे, असे बुद्धीने कबूल केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्याची किंमत घरादाराने मोजली. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन नातलगांच्या आश्रयाला राहिल्या. त्यात पंढरपूरचाही मुक्काम झाला. चार-पाच वर्षे ताटातूट झाली. पुढे त्या पतीकडे आल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

आता वाचक म्हणतील, एवढे सोसले म्हणजे श्रद्धा हृदयात उतरलीच की! नाही हो. इतकी सोपी नसते ती गोष्ट. टिळक अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनमध्ये शिकवीत, व्याख्याने देत, वादात कोणाला हार जात नसत. १९०४ मध्ये ते पाळक झाले. पण पहिली सुमारे दहा वर्षे त्यांचा धर्म पुष्कळसा पटवून देण्याचा धर्म होता. जुने सोडले तेव्हा संतांची वाणीही मागे राहिली होती.

मग ते पुन्हा संतांकडे वळले, विशेषतः तुकोबांकडे. तेथे त्यांना काय सापडले? नवा सिद्धान्त नव्हे. देवापाशी रुसणारा, रडणारा, लेकरासारखा हट्ट धरणारा भक्त सापडला! देवाविषयी बोलणे आपल्याला येते, देवाशी बोलणे या वाण्याने शिकवावे, असा हा प्रकार. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो, असे ते पुढे उघडपणे सांगत. मग टाळ-तंबोरा आला, कीर्तन आले, अभंग आले. ख्रिस्ताला ते आई म्हणू लागले. त्यांची भजने मराठी ख्रिस्ती मंडळी आजही उपासनेत गातात. १९०९ मध्ये हाती घेतलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या हातून अपुरे राहिले. ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले.

भक्ती खरी की खोटी, हे गाण्यावरून कळत नाही, सोडण्यावरून कळते. १९१७ मध्ये, छप्पन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि संन्यस्त वृत्तीने साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, ख्रिस्तावर प्रेम करील त्याला तेथे जागा होती. दोन वर्षेही मिळाली नाहीत. ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांनी देह ठेवला. आपल्या देहाचे दहन व्हावे, अशी त्यांची इच्छा होती.

पहिल्या वेळी टिळकांनी घर सोडले ते पटले म्हणून. दुसऱ्या वेळी आधार सोडला तो राहवेना म्हणून. या दोन त्यागांच्या मध्ये बावीस वर्षे गेली. आपण वारकरी माळ घालतो, पारायण करतो, कीर्तनात मान डोलावतो. अर्थही पुष्कळसा समजतो. ते सगळे चांगलेच आहे. पण गळ्यातली माळ अंतःकरणात उतरली का, हे ज्याचे त्याने एकादशीच्या रात्री आपल्या मनाला विचारावे. उत्तर लगेच आले नाही तरी खचू नये. वाट लांबची आहे. चालणाऱ्याला ती पोचवते, एवढे या चरित्रावरून आम्हांस दिसते.