डॉ. वसंत रामजी खानोलकर

कर्करोग म्हणजे मृत्यूचे बोलावणे, अशी समजूत एके काळी समाजात रूढ होती. हा रोग दैवाने येतो, त्यापुढे माणसाचे काही चालत नाही, असे लोक मानीत. या रोगाची कारणे माणसाच्या रोजच्या राहणीत शोधणारे थोर भारतीय शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. वसंत रामजी खानोलकर होत.

त्यांचा जन्म १८९५ साली झाला. १९२३ साली त्यांनी लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम. डी. ही पदवी संपादन केली. रोगामुळे शरीराच्या पेशींत होणारे बदल सूक्ष्मदर्शकाखाली तपासून रोगाचे निदान करणारे शास्त्र म्हणजे विकृतिशास्त्र. मायदेशी परतल्यावर त्यांनी मुंबईत हा विषय शिकविला. १९४१ साली परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांनी सांभाळली.

खानोलकरांनी रोगाच्या गाठीबरोबरच रुग्णांच्या सवयींचाही अभ्यास केला. कमरेवर धोतर घट्ट आवळल्याने त्वचा वर्षानुवर्षे घासली जाते. ती काळवंडते, जाड होते आणि काहींना तेथेच कर्करोग होतो. खालचा ओठ व हिरडी यांच्यामध्ये तंबाखू-चुन्याची चिमूट ठेवणाऱ्यांना नेमका त्याच जागी हा रोग जडतो. असे निष्कर्ष त्यांनी १९४५ साली बी. सूर्याबाई यांच्यासमवेत प्रसिद्ध केले. वस्त्र सैल नेसणे आणि तंबाखू सोडणे हे तर सामान्य माणसाच्याही हाती होते! दैवाच्या कल्पनेला विज्ञानाने दिलेले हे उत्तर होते.

१९५२ साली मुंबईत स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक झाले. कमल रणदिवे यांच्यासारख्या संशोधकांना त्यांचे मार्गदर्शन लाभले. १९५४ साली भारत सरकारने त्यांना 'पद्मभूषण' देऊन गौरविले. पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपदही त्यांनी भूषविले. १९७८ साली त्यांचे निधन झाले.

आज कर्करोगावर अनेक नवे उपचार निघाले आहेत. पित्तनलिकेच्या कर्करोगात प्रकाशाने क्रियाशील होणारे औषध देऊन गाठीची वाढ रोखण्याचा प्रयत्नही केला जातो. मात्र कोणताही उपचार ठरविण्यापूर्वी पेशी तपासून रोग नेमका ओळखावा लागतो. या तपासणीच्या शास्त्राचा पाया भारतात खानोलकरांनी भक्कम केला. नवी मुंबईतील खारघर येथील 'खानोलकर शोधिका' ही संशोधन-वास्तू त्यांच्या कार्याचे स्मरण करून देते.