इस्पितळांवर रुसलेला महात्मा

जुहूच्या चौपाटीवर भेळ खायला जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की गांधीजी या किनाऱ्यावर दोनदा दुखणेकरी म्हणून राहून गेले? पहिल्यांदा १९२४ साली, दुसऱ्यांदा १९४४ साली. दोन्ही वेळा ते कैदेतून सुटून आले होते आणि दोन्ही वेळा यजमान होते मोरारजी कुटुंब. आधी नरोत्तम मोरारजी, मग त्यांचे चिरंजीव शांतिकुमार.

मला या दोन मुक्कामांचे कुतूहल वेगळ्याच कारणासाठी वाटते. सरकारने सर्वांच्या औषधपाण्याची जबाबदारी घ्यावी की नाही, हा वाद आपल्याकडे अधूनमधून पेटतो. विरोध करणारे बहुधा खर्चाचा आकडा पुढे करतात. पण सरकारी इस्पितळांना आपल्याकडे सर्वांत मुळापासून विरोध केला तो या जुहूच्या पाहुण्याने, आणि त्याचे कारण पैसा नव्हते.

गंमत अशी, की मोहनदासला डॉक्टर व्हायचे होते. १८८८ मध्ये विलायतेला जाण्याची गोष्ट निघाली तेव्हा त्याने तसे बोलूनही दाखवले. पण वैष्णवाच्या मुलाने मुडद्यांची चिरफाड करावी हे वडिलांना पसंत नव्हते, अशी आठवण थोरल्या भावाने करून दिली आणि मुलगा बॅरिस्टर झाला. शुश्रूषेची हौस मात्र सुटली नाही. आजारी वडिलांचे पाय चेपणारा हा मुलगा पुढे दक्षिण आफ्रिकेत एका छोट्या धर्मादाय इस्पितळात रोज तास-दोन तास औषधे देऊ लागला. १८९९ च्या बोअर युद्धात त्यांनी सुमारे अकराशे हिंदी माणसांचे शुश्रूषापथक उभे केले. धाकट्या देवदासच्या जन्माच्या वेळी दाई वेळेवर मिळेना, तेव्हा बाळंतपणही स्वतःच केले!

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. गांधीजी तेव्हा राजकोटला होते. खबरदारीसाठी नेमलेल्या समितीत शिरून ते घरोघरचे संडास तपासत फिरले. श्रीमंतांच्या हवेल्यांत घाण आणि अस्पृश्यांच्या वस्तीत स्वच्छता, असा उलटा प्रकार त्यांनी पाहिला. रोगाचे मूळ राहणीत आहे ही त्यांची समजूत अशा अनुभवांतून पक्की होत गेली.

त्याच प्लेगात आपल्या लोकांनी सरकारी वैद्यकाचे दुसरे रूप पाहिले. रोग्याला घरातून उचलून नेत. मुंबईत चिडलेल्या गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला चढवला. पुण्यात गोरे सोजीर घरात, देवघरात शिरले आणि १८९७ च्या जूनमध्ये रँडचा खून झाला. सरकारचा डॉक्टर म्हणजे सरकारचा शिपाई, हे समीकरण लोकांच्या मनात घट्ट बसले.

१९०९ मध्ये विलायतेहून आफ्रिकेला परतताना बोटीवर गांधीजींनी ‘हिंद स्वराज्य’ लिहिले. त्यात डॉक्टरांवर त्यांनी वकिलांइतकेच कोरडे ओढले आहेत. माणूस अति खातो, अपचन होते, डॉक्टर गोळी देतो, माणूस पुन्हा अति खायला मोकळा होतो, असा त्यांचा मुद्दा. इंग्रजांनी या विद्येचा उपयोग आपल्याला कह्यात ठेवण्यासाठी केला, हा दुसरा. शरीराची चिंता परक्यावर सोपवणारा माणूस स्वराज्य कसले सांभाळणार, हा त्यामागचा खरा सवाल होता.

आणि मग १२ जानेवारी १९२४ ची रात्र आली. येरवड्याच्या कैद्याला आंत्रपुच्छाचा विकार झाला. पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक या इंग्रज सर्जनने शस्त्रक्रिया केली. ऐन वेळी वीज गेली, तेव्हा कंदिलाच्या उजेडात काम पुरे झाले. ज्या व्यवस्थेवर कोरडे ओढले तिनेच प्राण वाचवले. ५ फेब्रुवारीला सुटका झाली आणि मार्चमध्ये ते जुहूला आले. मोतीलाल नेहरू, चित्तरंजन दास यांच्याशी कौन्सिल प्रवेशावरची खडाजंगी याच वाळूवर झाली.

गांधीजींनी मॅडॉकचे उपकार मोकळेपणाने मानले, पण मत सोडले नाही. इस्पितळे मोडायला आपण निघालेलो नाही, मात्र ती आपोआप नाहीशी झाली तर आनंदच होईल, असे त्यांनी १९२१ मध्येच स्पष्ट केले होते.

या मताची किंमतही पडली. देवीची लस त्यांना अमान्य होती. १९३० साली दांडीयात्रेच्या तोंडावर साबरमती आश्रमात देवीची साथ आली आणि मुले दगावली. गांधीजी हेलावले, तरी डगमगले नाहीत. येथे मला त्यांच्यापुढे हात जोडून नाही म्हणावेसे वाटते. देवी या देशातून गेली ती सरकारने गावोगाव लस टोचल्यामुळे. १९७५ नंतर आपल्याकडे रोगी उरला नाही. पथ्याने आणि प्रार्थनेने ते झाले नसते.

२२ फेब्रुवारी १९४४ ला आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा गेल्या. देवदासने विमानाने पेनिसिलिन मागवले होते. मरणपंथावरच्या बाईला सुयांचा त्रास नको म्हणून पतीने ते देऊ दिले नाही. कोणाला हा हट्ट वाटेल, कोणाला माया. अडीच महिन्यांनी, हिवतापाने खंगलेले गांधीजी पुन्हा जुहूच्या वाळूत फिरत होते.

त्याच सुमारास भोर समिती देशाच्या आरोग्याचा आराखडा आखत होती. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारांवाचून राहू नये, हे तिच्या १९४६ च्या अहवालाचे सूत्र होते. त्याच वर्षी मार्चमध्ये गांधीजी उरुळीकांचनला निसर्गोपचार केंद्र काढत होते. एक वाट सरकारकडून गावाकडे जाणारी, दुसरी गावातच सुरू होणारी.

पुढे काय झाले? त्यांच्यावर उपचार करणारे डॉ. जीवराज मेहता परळच्या केईएमचे पहिले अधिष्ठाता झाले. कस्तुरबांच्या उशाशी बसलेल्या डॉ. सुशीला नायर स्वतंत्र भारताच्या आरोग्यमंत्री झाल्या आणि १९६९ मध्ये त्यांनी सेवाग्रामलाच वैद्यकीय महाविद्यालय उभे केले. गुरूचा रुसवा शिष्यांनी असा समजून घेतला.

जुहूच्या कूपर रुग्णालयात केसपेपरच्या रांगेत बाळाला छातीशी धरून उभी असलेली आई मी पाहतो, तेव्हा भोर समितीच पटते. सरकारने हात झटकावेत म्हणून कोणी गांधीजींचा दाखला देऊ लागला, तर त्याने आधी त्यांच्यासारखा दुसऱ्याचा संडास तपासायला आणि रोग्याची उशी नीट करायला पुढे व्हावे. मग त्याचे म्हणणे मी बसून ऐकेन.