वोलोफ बोलणारा पडदा

तीन कादंबऱ्या नावावर असलेला लेखक वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी मॉस्कोच्या गॉर्की स्टुडिओत कॅमेऱ्याची बाराखडी गिरवायला जातो, तेव्हा ती निव्वळ हौस नसते. उस्मान सेम्बेनची अडचण साधी होती. डाकार-नायजर रेल्वेच्या १९४७-४८ च्या संपावर त्याने लिहिलेली कादंबरी १९६० साली पॅरिसमध्ये गाजली. पण ज्या कामगारांवर ती लिहिली, त्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हते. फ्रेंच तर दूरच.

तो स्वतः त्यांच्यातलाच. १९२३ साली सेनेगलच्या दक्षिणेला झिगिंशोरमध्ये एका कोळ्याच्या घरी जन्मला. शाळा अर्धवट सुटली, मग डाकारमध्ये गवंडीकाम, महायुद्धात फ्रेंच सैन्यात भरती आणि पुढे मार्सेयच्या बंदरात हमाली. तिथे पाठीला जबर दुखापत झाली. कामगार संघटनेच्या वाचनालयानेच त्याला लेखक केले म्हणायला हरकत नाही.

फ्रेंच अमदानीत १९३४ पासून आफ्रिकी वसाहतींत चित्रीकरणाला सरकारी परवानगी लागे. मालकांना अडचणीचे ठरेल असे काही पडद्यावर येऊ नये, ही त्यामागची मेख. त्यामुळे १९६३ साली सेम्बेनने डाकारच्या एका गाडीवानावर वीस मिनिटांचा 'बोरोम सारेत' केला, तेव्हा वाट मळलेली नव्हतीच. १९६६ च्या 'ला न्वार द...'ने त्याला झां विगो पुरस्कार मिळवून दिला. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकी दिग्दर्शकाचा हा पहिला दीर्घ कथापट मानला जातो. फ्रेंच कुटुंबाकडे कामाला गेलेली द्युआना त्यांच्या घरात घुसमटून जीव देते. पण या निरक्षर मुलीच्या मनातले विचार आपल्याला ऐकू येतात ते अस्खलित फ्रेंचमध्ये, आणि तेही हैतीच्या एका गायिकेच्या आवाजात! ज्या दुखण्यासाठी सेम्बेन सिनेमाकडे वळला, ते इथेही सुटले नव्हते.

सुटले ते १९६८ च्या 'मांदाबी'त. मांदाबी म्हणजे मनीऑर्डर. चाकरमान्यांच्या पैशांवर चूल पेटलेल्या घरांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. पॅरिसमध्ये झाडू मारणारा भाचा इब्राहिमा दियेंगला पंचवीस हजार फ्रँक पाठवतो. त्यांतले वीस हजार भाच्यासाठी जपायचे, तीन हजार त्याच्या आईला द्यायचे. मामाच्या वाट्याला उरतात दोनच. पण पोस्ट ओळखपत्र मागते, ओळखपत्राला जन्मदाखला लागतो, दाखल्याला जन्मतारीख. ती कोणाला ठाऊक? इकडे पैसे हाती पडण्याआधीच शेजारी उसने मागायला दारात हजर! फ्रान्सचा पैसा होता म्हणून फ्रेंच आवृत्तीही काढावी लागली. पण वोलोफमधला 'मांदाबी' हाच खरा. त्यात दियेंग आपल्या भाषेत चिडतो, फुशारकी मारतो आणि फसतो.

सेम्बेनने सिनेमा गावोगावी नेला, दाखवून झाल्यावर लोकांशी वाद घातले. सत्ताधाऱ्यांना हे रुचेना. 'खाला'ला १९७५ साली कात्री लागली. १९७७ च्या 'सेद्दो'वर तर बंदीच आली. कारण काय, तर नावात 'द' एक की दोन! राष्ट्राध्यक्ष सेंगोर स्वतः फ्रेंचमधले थोर कवी आणि वोलोफच्या शुद्धलेखनाचे नियम त्यांच्या सरकारचे. मुळात इस्लामच्या सक्तीच्या प्रसारावरचा तो चित्रपट बहुसंख्य मुस्लिमांच्या देशात झोंबणारा होता; व्याकरण हे निमित्त असावे. सेम्बेनने 'द' काही गाळला नाही. सेंगोर पायउतार झाल्यावरच सेनेगलला तो चित्रपट पाहता आला.

तियारोयच्या छावणीत १ डिसेंबर १९४४ रोजी थकलेला पगार मागणाऱ्या आफ्रिकी सैनिकांवर फ्रेंच सैन्याने गोळ्या झाडल्या. त्यावरचा चित्रपट त्याने १९८८ साली केला. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी त्या घटनेला हत्याकांड म्हटले ते २०२४ साली.

एक्क्याऐंशीव्या वर्षी त्याने 'मूलादे' केला, मुलींच्या खतनेविरुद्ध उभ्या राहिलेल्या बाईची कथा. त्यात गावातले पुरुष बायकांचे रेडिओ हिसकावून मशिदीसमोर रचतात. त्या ढिगातले काही रेडिओ तसेच बोलत असतात. फ्रेंचांशी झुंजलेल्या समोरी तुरेवरचा भव्य चित्रपट मात्र मनातच राहिला. ९ जून २००७ रोजी सेम्बेन डाकारमध्ये वारला.