खुर्ची सोडली, कामगार नाही!

लंडनच्या पिकॅडिली सर्कसमधला तो पंखवाला, धनुष्य धरलेला पुतळा तुम्ही सिनेमात नाहीतर रीलमध्ये पाहिला असेलच. पण तो कुणाच्या स्मरणार्थ उभारलाय, ठाऊक आहे? सातवा लॉर्ड शाफ्ट्सबरी, अर्थात अँथनी अ‍ॅशले-कूपर!

जन्म १८०१ चा. उमराव घराणं, हॅरोची शाळा, मग ऑक्सफर्ड. तुम्ही म्हणाल, लाइफ सेट! पण आई-वडिलांची माया त्याला मिळालीच नाही. जीव लावला तो घरकाम बघणाऱ्या मारिया मिलिसनं. तिनं मागे ठेवलेलं घड्याळ त्यानं आयुष्यभर जपलं.

१८२६ मध्ये, पंचविशीत, तो खासदार झाला. तेव्हा कापडगिरण्यांत लहान पोरं बारा-बारा तास राबत होती. हा गडी त्यांच्या बाजूनं उभा राहिला. १८४२ च्या कायद्यानं बायका, मुली आणि दहा वर्षांखालची मुलं कोळशाच्या खाणीतून वर आली, ती त्याच्याच खटपटीमुळे.

पुढचं टार्गेट होतं गिरणीत दहा तासांचा दिवस. त्यासाठी तो वर्षानुवर्षं झगडला. आणि १८४६ मध्ये ऐन मोक्याला पेच पडला. परदेशी धान्यावरचा कर टिकवावा म्हणून जमीनदारांनी त्याला निवडून दिलं होतं. त्याचं मत मात्र बदललं. मतदारांचा विश्वास मोडून खुर्ची उबवणं त्याला पटेना. दिला राजीनामा! दहा तासांचं विधेयक जॉन फिल्डनच्या हाती गेलं. १८४७ मध्ये बायका आणि अठरा वर्षांखालच्या कामगारांसाठी ते मंजूर झालं, तेव्हा हा सभागृहात नव्हताच.

तो देवमाणूस होता, असं मात्र समजू नका. कामगारांच्या कष्टांसाठी भांडणाऱ्या याच माणसानं १८६७ मध्ये त्यांना मताधिकार द्यायला विरोध केला. उमरावाचं रक्त शेवटी!

त्याचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंतही येतो. इथल्या गिरण्यांतल्या मुलांचा प्रश्न त्यानं म्हातारपणी ब्रिटिश संसदेत मांडला. मुंबईच्या स्पर्धेनं धास्तावलेल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांनाही असा कायदा हवाच होता. १८८१ मध्ये भारतात पहिला फॅक्टरी कायदा आला आणि सात वर्षांखालच्या मुलांना गिरणीत कामाला लावण्यावर बंदी आली.

१८८५ मध्ये तो गेला. आता तुम्हीच ठरवा. वर्षानुवर्षं घाम गाळलेलं काम दुसऱ्याच्या नावावर पूर्ण होणार, हे कळत असताना तुम्ही खुर्ची सोडली असती?