डेबूजीचा धीर

अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी २३ फेब्रुवारी १८७६ रोजी डेबूजी झिंगराजी जाणोरकर जन्मला. पुढे महाराष्ट्राने त्यांना गाडगेबाबा म्हटले. घर परिटाचे. भावकीत कोणतेही कार्य दारू आणि बकऱ्याशिवाय पार पडत नसे. दारूने घर धुतले गेले आणि १८८४ मध्ये वडीलही गेले. आठ वर्षांच्या डेबूजीला घेऊन आई सखूबाई माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्याला आली.

वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात त्रिनिदादमधील मुलांना निवड दिली होती. छोटी गोळी आत्ता घ्या, किंवा मोठी आठवड्याने. वडील घरात नसलेली मुले बहुधा आत्ताचीच उचलत. त्या हिशेबाने डेबूजी उतावळा निघायला हवा होता. पण आजोळी त्याला गुरे, शेत आणि कष्टाळू माणसे मिळाली. मृगात पेरलेला कापूस दिवाळीच्या सुमारास हाती येतो, हे वऱ्हाडातल्या पोराला शिकवावे लागत नाही. अमेरिकेतील रॉचेस्टरचा एक प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ज्या मुलांना मोठ्यांनी आधी दिलेला शब्द पाळला, ती गोड खाऊसमोर सरासरी १२ मिनिटे थांबली. ज्यांच्याबाबत शब्द मोडला, ती ३ मिनिटे. धीर हा मुलाचा स्वभावच असतो असे नाही; पुष्कळदा तो घराचा अनुभव असतो.

आजोळची घडीही टिकली नाही. मामाची जमीन सावकाराच्या घशात गेली आणि त्या धक्क्याने मामाही गेला. दारूने बाप नेला, कर्जाने मामा. दोन्हींत उद्याचे आजच खाऊन टाकलेले असते. तरुण डेबूजीच्या मनात हे पक्के बसले असावे, कारण पहिल्या मुलीच्या बारशाला त्यांनी दारू-मटणाला साफ नकार देऊन गोडाचे जेवण घातले. जातभाई रागावले. त्या काळी बहिष्काराची भीती खरी होती, तरी ते हटले नाहीत.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि फुटके गाडगे. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तन करायचे. कीर्तनात मात्र मुलांना फारसा उपदेश नसे. प्रश्न विचारले जात ते आईबापांना, तेही अस्सल वऱ्हाडीत. सण कर्ज काढून करू नका, नवस फेडायला बकरे कापू नका, जेवणाचे ताट नसेल तर भाकरी हातावर घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला, असे त्यांचे सांगणे असे. आजच्या भाषेत, मुलाच्या संयमावर उपचार करण्याआधी ते घराची नाडी बघत. मोबाइल हातात धरून मुलाचा मोबाइल हिसकावणाऱ्या पालकांनी हे जरूर वाचावे.

एक गोष्ट खटकते, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. घर सोडताना बायको कुंताबाई आणि लहान लेकरे मागे राहिली. ज्या माणसाने हजारो बापांना घरी वळवले, त्याच्या मुलांना बाप घरी मिळाला नाही. मुलगा गोविंद लवकर वारला. बातमी आली तेव्हा बाबा कीर्तनात होते आणि ते कीर्तन थांबले नाही, असे चरित्रांत सांगितले जाते. याला संयम म्हणायचे की आणखी काही, हे सांगणे कठीण आहे.

लोकांनी दिलेल्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदी इथे धर्मशाळा उभ्या राहिल्या, मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठीही. त्या पैशातली पै बाबांनी स्वतःसाठी घेतली नाही की कुटुंबाला दिली नाही. खापरातली चटणी-भाकर तशीच राहिली. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे पेढी नदीकाठी, प्रवासातच, त्यांचा अंत झाला.