गावच्या शाळेचा खर्च कोणी उचलायचा? नामदार गोखले यांनी कायदेमंडळात मांडलेला सवाल

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचं नाव आपल्या मुलांना इतिहासाच्या पुस्तकात एकदा भेटतं. गांधीजी त्यांना राजकीय गुरू मानत, एवढं पाठ होतं आणि धडा संपतो. पण गरिबाच्या पोराला गावातच शाळा मिळावी आणि तिचा खर्च सरकारने उचलावा, यासाठी या माणसाने कायदेमंडळात जी झुंज दिली, ती आपल्या घराघरांत माहीत असायला हवी. त्या झुंजीत मुस्लिम सभासदही होते आणि उर्दूचा प्रश्नही होता.

गोखल्यांचा जन्म 9 मे 1866 रोजी रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागर तालुक्यातल्या कोतळूक गावी झाला. घरची परिस्थिती बेताची. 1879 साली वडील वारले, तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता. थोरले भाऊ गोविंदराव यांनी स्वतःचं शिक्षण सोडून पंधरा रुपये पगाराची नोकरी धरली. त्यातले आठ रुपये ते दर महिन्याला धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवत. एकाने शिकावं म्हणून दुसऱ्याने शाळा सोडायची, ही गोष्ट आपल्यातल्या किती तरी घरांना नवी नाही.

गोपाळने त्या पैशाचं चीज केलं. 1884 मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते पदवीधर झाले. पुढे पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल आणि फर्ग्युसन कॉलेजात तुटपुंज्या पगारावर शिकवलं. 1902 साली ते व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गेले, तेही सरकारी जमाखर्चाचा बारीक अभ्यास करून. दरवर्षी बजेट आलं की ते आकडे समोर ठेवून दाखवत, की सरकारच्या तिजोरीत शिल्लक पडते आहे आणि रयत मात्र मिठावर कर भरते आहे. मिठावरचा कर 1903 पासून टप्प्याटप्प्याने उतरला, त्यामागे या भाषणांचाही वाटा होता.

शाळेचा कायदा

मार्च 1910 मध्ये त्यांनी कायदेमंडळात ठराव आणला, की प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करण्याच्या दिशेने सरकारने पाऊल टाकावं. सरकारने विचार करू म्हटलं, म्हणून ठराव मागे घेतला. वर्षभरात मनासारखं काही झालं नाही, तेव्हा 16 मार्च 1911 रोजी ते थेट विधेयक घेऊन उभे राहिले.

त्यांच्या हाती शेजारच्या बडोदे संस्थानाचा दाखला होता. सयाजीराव गायकवाडांनी 1893 मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचं शिक्षण सुरू केलं आणि 1906 मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केलं. गोखल्यांनी हिशेब मांडला. बडोद्यात शाळेच्या वयाच्या शंभर मुलांपैकी सुमारे 80 मुलं शाळेत होती, इंग्रजी मुलखात जेमतेम 21. मुलींमध्ये तिकडे शंभरात 47, इकडे 4. एका संस्थानाच्या राजाला जमतं, ते एवढ्या मोठ्या सरकारला का जमू नये, असा त्यांचा रोख होता.

विधेयक मात्र सावध होतं. सरसकट सक्ती नव्हती. ज्या म्युनिसिपालिटीला किंवा जिल्हा बोर्डाला हवं असेल, त्यांनी सरकारच्या मंजुरीने आपल्या हद्दीत ती लागू करायची. तीही जिथे ठरावीक प्रमाणात मुलं आधीच शाळेत जात असतील तिथेच. सुरुवात 6 ते 10 वयाच्या मुलांपासून, मुलींचा नंबर पुढे. महिना दहा रुपयांपेक्षा जास्त कमाई नसलेल्या बापाकडून फी घ्यायची नाही. आणि मैलभराच्या आत शाळाच नसेल, तर त्या मुलावर सक्ती नाही.

खरा मुद्दा पैशाचा होता. लहान बोर्डांची तिजोरी रिकामी असते, हे गोखल्यांना पक्कं ठाऊक होतं. नुसता हुकूम काढून शाळा उभी राहत नाही. म्हणून त्यांची मागणी अशी, की वाढीव खर्चाचे दोन हिस्से सरकारने द्यावेत आणि एक हिस्सा स्थानिक बोर्डाने, गरज पडल्यास शिक्षणाचा वेगळा कर बसवून. सगळ्या मुलांना शाळेत आणायला सुमारे साडेचार कोटी रुपये जादा लागतील, त्यातले तीन कोटी सरकारचे आणि तेही वर्षानुवर्षे हळूहळू, असा त्यांचा अंदाज होता. पैसा कुठून आणायचा तेही त्यांनी सांगितलं. परदेशी मालावरची जकात थोडी वाढवा, म्हणाले.

उर्दूचं काय होणार?

मुस्लिम समाजात तेव्हा एक धास्ती होती. बोर्डाच्या शाळेत सक्तीने गेलेलं आपलं मूल उर्दूला मुकणार तर नाही? गोखल्यांनी ही शंका झटकून टाकली नाही. एखाद्या शाळेत एका भाषेची 25 मुलं असतील तर त्यांना त्यांच्याच भाषेत शिकवण्याची सोय करावी आणि संख्या त्याहून कमी असेल तर सक्ती घ्यायची की नाही हे त्या समाजानेच ठरवावं, अशी दुरुस्ती मान्य करायला ते तयार झाले.

मुस्लिम सभासदांत मतं दोन होती. पंजाबचे मियाँ मुहम्मद शफी विरोधात गेले. बिहारचे मौलाना मझहरुल हक आणि मुंबईचे मुहम्मद अली जिना यांनी विधेयकाला ठाम पाठिंबा दिला. मुंबईत तर सर इब्राहिम रहिमतुल्ला यांनी चिमणलाल सेटलवाड यांच्यासोबत याच मागणीचा आधीच पाठपुरावा केला होता. त्यातून 1906 मध्ये मुंबई सरकारने एक समिती नेमली होती. तिचा निकाल मात्र सक्तीच्या विरोधात गेला.

18 आणि 19 मार्च 1912 रोजी शेवटची चर्चा झाली. सरकार म्हणालं, लोकांचीच मागणी नाही, प्रांतिक सरकारंही राजी नाहीत. सरकारी सभासदांचं बहुमत होतं. विधेयक सिलेक्ट कमिटीकडे पाठवण्याची सूचना 13 विरुद्ध 38 मतांनी पडली. हे होणार, याची गोखल्यांना आधीपासून कल्पना होती. तरी ते नाउमेद झाले नाहीत. आज हरलो तरी पुढच्यांना वाट सापडेल, याच भावनेने ते बोलले. तीन वर्षांनी, 19 फेब्रुवारी 1915 रोजी, अवघ्या 48 व्या वर्षी पुण्यात त्यांचं निधन झालं.

वाट खरोखरच सापडली. विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने 1918 मध्ये मुंबई इलाख्यात म्युनिसिपालिट्यांसाठी सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला. 1923 च्या कायद्याने जिल्हा लोकल बोर्डंही त्यात आली. आणि शिक्षण हक्क कायदा देशात लागू झाला 1 एप्रिल 2010 रोजी, गोखल्यांच्या पहिल्या ठरावाला शंभर वर्षं झाली तेव्हा.

पण पैशाचा सवाल मिटलेला नाही. कमी पटाच्या शाळा चालवणं परवडत नाही, त्या दुसऱ्या शाळेत मिसळाव्यात, अशी चर्चा आपल्या राज्यात अधूनमधून होते. वाड्या-वस्त्यांवरच्या, कोकणातल्या आणि आडगावातल्या लहान उर्दू शाळांना त्याची झळ आधी बसते. शाळा दोन गावं पलीकडे गेली की सर्वात आधी घरी बसते ती मुलगी.

म्हणून आम्हाला वाटतं, गोखल्यांकडून घ्यायचा तो त्यांचा हिशेबीपणा. नुसती तक्रार करून भागत नाही. आपल्या शाळेत किती मुलं, किती शिक्षक, वर्षाला अनुदान किती आलं आणि कुठे खर्च झालं, हे आकडे आपल्या तोंडावर हवेत. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांच्या असतात, तो हक्क कायद्याने दिला आहे. त्या बैठकीला जाऊ या, आईंनाही पाठवू या आणि कागद हातात घेऊन जिल्हा परिषदेच्या सभासदाला, आमदाराला विचारू या. तालिमीसाठी मागणं लावून धरायचं तर ते असं.