चराचराचा बंधू

इटली देशाच्या मध्यभागी अंब्रिया नावाचा डोंगराळ प्रांत आहे. ऑलिव्हची झाडे, द्राक्षांचे मळे आणि गव्हाची शेते यांनी तो नटलेला आहे. या प्रांतात सुबासिओ पर्वताच्या उतारावर असिसी नावाचे टुमदार नगर वसले आहे. सुमारे आठशे वर्षांपूर्वी या नगरात एक थोर पुरुष होऊन गेला. त्याने सूर्याला भाऊ मानले, पाण्याला बहीण मानले आणि वाटेवरचा क्षुद्र किडाही कोणाच्या पायाखाली चिरडू नये म्हणून काळजी वाहिली. संत फ्रान्सिस या नावाने सारे जग त्याला ओळखते.

फ्रान्सिसचा जन्म इ. स. ११८१ किंवा ११८२ साली झाला. त्याचे वडील पिएत्रो दि बेर्नार्दोने हे कापडाचे बडे व्यापारी होते. आईचे नाव पिका असे होते. मुलाचा जन्म झाला तेव्हा वडील व्यापारासाठी फ्रान्स देशात गेले होते. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाचे नाव जोव्हान्नी ठेवण्यात आले. परंतु परत आल्यावर वडिलांनी, त्या देशाची आठवण म्हणून, त्याला फ्रान्चेस्को असे हाक मारण्यास सुरुवात केली, असे सांगतात. त्याच नावाचे पुढे फ्रान्सिस झाले.

घरात पैशाला तोटा नव्हता. फ्रान्सिसला उंची वस्त्रे, गाणीबजावणी आणि मित्रांच्या मेजवान्या यांची भारी हौस होती. वडिलांचा पैसा तो दोन्ही हातांनी उधळी. मात्र त्याचे मन कोवळे होते. एकदा दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी असताना एक भिकारी दारात आला आणि देवाच्या नावाने भिक्षा मागू लागला. कामाच्या घाईत फ्रान्सिसने त्याला हाकलून दिले. परंतु लगेच त्याचे मन त्याला खाऊ लागले. एखाद्या सरदाराच्या नावाने कोणी काही मागितले असते, तर आपण नाही म्हटले असते काय, असा प्रश्न त्याला पडला. पुन्हा देवाच्या नावाने मागणाऱ्याला कधीही विन्मुख पाठवायचे नाही, असा निश्चय त्याने त्या दिवशी केला.

त्या काळी इटलीतील नगरे एकमेकांशी वारंवार लढत. १२०२ साली असिसी आणि शेजारचे पेरुजा या नगरांत युद्ध झाले. फ्रान्सिस लढाईला गेला. पण असिसीचा पराभव झाला आणि तो शत्रूच्या हाती सापडला. सुमारे एक वर्ष त्याने बंदिवासात काढले. सुटून आल्यावर त्याला दीर्घ आजाराने गाठले. दुखण्यातून उठल्यावर तो काठी टेकीत घराबाहेर आला आणि समोरची शेते व द्राक्षमळे पाहू लागला. पूर्वी या दृश्याने त्याचे मन हरखून जात असे. आता ते त्याला रिते वाटले. आपण आजवर जे मोलाचे मानले, ते खरोखर मोलाचे आहे काय, ही शंका त्याला छळू लागली. शूर सरदार होण्याची हौस अजून पुरती मावळली नव्हती. १२०५ साली तो पुन्हा युद्धासाठी निघाला; परंतु स्पोलेतो गावापासूनच मागे फिरला.

याच सुमारास एक प्रसंग घडला. फ्रान्सिसला कुष्ठरोग्यांची अतिशय किळस येत असे. त्यांची वस्ती दुरून दिसली तरी तो नाक दाबून घेई. एके दिवशी घोड्यावरून जात असता एक कुष्ठरोगी अवचित त्याच्या समोर आला. पळून जावे असे त्याला वाटले. पण तो घोड्यावरून खाली उतरला, रोग्याच्या हातावर त्याने पैसे ठेवले आणि त्याच्या हाताचे चुंबन घेतले. शत्रूला जिंकण्यास निघालेल्या या तरुणाने त्या दिवशी स्वतःला जिंकले. पुढे तो रोग्यांच्या वस्तीत राहून त्यांच्या जखमा धुऊ लागला.

असिसीबाहेर सान दामियानो नावाचे एक पडके प्रार्थनामंदिर होते. तेथे क्रुसासमोर प्रार्थना करीत असता, हे मोडके घर पुन्हा उभे करण्याची ईश्वराची आज्ञा आपल्याला झाली, असे फ्रान्सिसला वाटले. तो तडक उठला, वडिलांच्या दुकानातील कापड घोड्यावर लादून फोलिन्यो गावी गेला आणि कापडाबरोबर घोडाही विकून आला. ते पैसे त्याने मंदिराच्या धर्मगुरूपुढे ठेवले. परंतु धर्मगुरूने ते घेतले नाहीत.

वडिलांचा राग अनावर झाला. त्यांनी मुलाला घरात कोंडून ठेवले. वडील परगावी गेल्यावर आईने त्याला गुपचूप मोकळे केले. शेवटी हे भांडण १२०६ साली बिशपांपुढे गेले. नगरवासीयांची गर्दी जमली. जे आपले नाही ते परत केले पाहिजे, असा निवाडा बिशपांनी दिला. फ्रान्सिसने पैसे तर परत केलेच. पण अंगावरची वस्त्रेही उतरवून वडिलांच्या पुढे ठेवली. यापुढे स्वर्गीय पित्यालाच आपण पिता म्हणू, असे त्याने सर्वांसमक्ष सांगितले. बिशपांनी आपल्या झग्याने त्याचे उघडे अंग झाकले. वडील कपडे उचलून घरी गेले. ज्याच्यावर त्यांनी साऱ्या आशा बांधल्या होत्या, तो मुलगा त्यांना कायमचा दुरावला होता. थोरांच्या त्यागात त्यांच्या आप्तांचे दुःखही असते, हे आपण विसरू नये. फ्रान्सिसचे म्हणणे खरे होते. पण पित्याची वेदनाही खोटी नव्हती.

येथून फ्रान्सिस यांचे नवे जीवन सुरू झाले. जाडेभरडे वस्त्र आणि कमरेला दोरी, एवढाच त्यांचा पोशाख. दारोदार दगड मागून त्यांनी सान दामियानोची आपल्या हातांनी दुरुस्ती केली. हळूहळू त्यांच्याभोवती सोबती जमू लागले. १२०९ साली अकरा सोबत्यांसह ते रोमला गेले आणि पोप तिसरे इनोसंट यांनी त्यांच्या संघाला तोंडी संमती दिली. १२१२ साली असिसीतील क्लारा नावाच्या उमराव घराण्यातील युवतीने हाच मार्ग पत्करला आणि स्त्रियांचाही संघ सुरू झाला. पोर्त्सियुंकोला नावाचे छोटेसे प्रार्थनामंदिर हे या संघाचे मुख्य ठिकाण बनले. ते सुबासिओ पर्वतावरील दुसऱ्या मठाच्या मालकीचे होते. आपण येथे केवळ पाहुणे आहोत याची आठवण राहावी, म्हणून फ्रान्सिस त्या मठाला दरवर्षी टोपलीभर मासे भाडे म्हणून पाठवीत.

संपत्ती आली, की तिच्या रक्षणासाठी शस्त्रे येतात आणि शस्त्रांमागून वैर येते, असे फ्रान्सिस म्हणत. म्हणून आपल्या संघाने काहीच स्वतःचे म्हणू नये, असा त्यांचा कटाक्ष होता. ज्याने काहीच आपले म्हटले नाही, त्याला सारी सृष्टीच आपली वाटू लागली. ईश्वर हा सर्वांचा पिता आहे. मग त्याने निर्माण केलेले सूर्य, वारा, झाडे, पशू आणि पक्षी ही आपली भावंडेच नव्हेत काय? त्यांचा हा विचार सरळ होता, आणि तो त्यांनी दररोजच्या वागण्यात उतरविला.

फ्रान्सिस यांच्या निधनानंतर थोड्याच वर्षांत चेलानोचे थॉमस या त्यांच्याच संघातील बंधूंनी त्यांचे चरित्र लिहिले. त्यात अशा अनेक आठवणी आहेत. वाटेत एखादा किडा दिसला, तर फ्रान्सिस तो अलगद उचलून कडेला ठेवीत. बाजाराकडे नेल्या जाणाऱ्या कोकरांना सोडविण्यासाठी त्यांनी एकदा आपला झगा देऊन टाकला. बेव्हान्या गावाजवळ पाखरांचा मोठा थवा पाहून ते थांबले. अन्न, पाणी, पंख आणि मोकळे आकाश देणाऱ्या ईश्वराची स्तुती करा, असा उपदेश त्यांनी पाखरांना केला. कडाक्याच्या थंडीत मधमाश्या मरू नयेत, म्हणून ते त्यांच्यासाठी मध ठेवावयास लावीत.

त्यांच्या आणखी दोन आज्ञा विशेष ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. सरपणासाठी लाकूड तोडणाऱ्या बंधूंना ते सांगत, की झाड मुळापासून तोडू नका. त्याला पुन्हा फुटण्याची आशा राहू द्या. बागेचे काम पाहणाऱ्या बंधूला ते सांगत, की सगळी जमीन भाजीपाल्यासाठी खणू नकोस; कडेचा भाग रानगवतासाठी आणि रानफुलांसाठी तसाच राख. फ्रान्सिस हे काही वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हते. परंतु बुंधा राखला, तर अनेक जातींच्या झाडांना नवे धुमारे फुटतात आणि तेच रान पुन्हा सरपण देते, हे शेतकऱ्याला ठाऊक आहे. बांधावरची रानफुले मधमाश्यांना आणि फुलपाखरांना आधार देतात आणि त्यामुळे पिकांचेही परागण होते, हे आज शास्त्रही सांगते. प्रेमाने पाहणाऱ्या डोळ्यांना पुष्कळदा उपयोगाचेही आधी दिसते.

गुब्बियो गावच्या लांडग्याची कथा तर सर्वतोमुखी झाली आहे. एक क्रूर लांडगा गावकऱ्यांना खात असे. फ्रान्सिस एकटेच त्याच्यापुढे गेले आणि त्यांनी त्याला बंधू म्हणून हाक मारली. लांडग्याने कोणास इजा करू नये आणि गावाने त्याला रोज अन्न द्यावे, असा करार त्यांनी घडवून आणला. ही कथा पुष्कळ नंतर लिहिली गेली; तेव्हा ती दंतकथा समजून वाचावी. पण तिच्यातील मर्म खोल आहे. लांडगा भुकेला होता म्हणून तो क्रूर झाला, हे जाणून फ्रान्सिस यांनी दोन्ही बाजूंना त्यांचे कर्तव्य सांगितले.

माणसामाणसांतील वैरही त्यांना असह्य होई. १२१९ साली इजिप्तमधील दामिएत्ता येथे ख्रिस्ती आणि मुसलमान सैन्यांत घनघोर युद्ध चालू होते. फ्रान्सिस एका सोबत्यासह निःशस्त्र शत्रूच्या छावणीत गेले आणि सुलतान अल्-कामिल यांना भेटले. सुलतानांनी त्यांचे म्हणणे आदराने ऐकून घेतले आणि त्यांना सुखरूप परत पाठविले. युद्ध थांबले नाही. परंतु शत्रूशीही बोलता येते, हे या भेटीने दाखविले.

अखेरची वर्षे मात्र फार कष्टाची गेली. संघात हजारो बंधू आले होते आणि मतभेदही वाढले होते. १२२० साली फ्रान्सिस यांनी प्रमुखपद सोडले. पोटाच्या आणि डोळ्यांच्या विकारांनी त्यांना जर्जर केले. १२२५ साली ते सान दामियानोजवळील एका झोपडीत पडून होते. दिवसा सूर्यप्रकाश सोसत नसे, रात्री दिव्याची ज्योत सोसत नसे, आणि उंदरांच्या धावपळीमुळे झोपही लागत नसे. अशा स्थितीत त्यांनी आपले विख्यात स्तोत्र रचले. ते विद्वानांच्या लॅटिन भाषेत नव्हते. अंब्रियातील सामान्य लोकांच्या बोलीत होते. इटालियन भाषेतील अगदी आरंभीच्या काव्यांत त्याची गणना होते. या स्तोत्रात सूर्य, वारा आणि अग्नी यांना त्यांनी भाऊ म्हटले आहे. चंद्र, तारका आणि पाणी यांना बहीण म्हटले आहे. आणि पृथ्वीला तर बहीण व माता अशी दोन्ही नाती दिली आहेत. ज्याला सूर्याकडे पाहवतही नव्हते, त्याने सर्वांआधी सूर्याबद्दल देवाचे आभार मानले!

डोळ्यांवर उपाय म्हणून वैद्यांनी तापलेल्या लोखंडाने त्यांच्या कानापासून भुवईपर्यंत डाग दिला. ते पाहवेना म्हणून सोबती खोलीबाहेर पळाले. फ्रान्सिस यांनी मात्र अग्नीला बंधू म्हणून संबोधिले आणि आपल्याशी सौम्यपणे वागण्याची विनंती त्याला केली. ज्याच्याशी आयुष्यभर नाते जोडले, त्याची त्यांना भीती वाटली नाही.

पुढे असिसीचे बिशप आणि नगराधिकारी यांच्यात कडाक्याचे भांडण झाले. तेव्हा फ्रान्सिस यांनी क्षमा करणाऱ्यांविषयीचे एक कडवे स्तोत्रात जोडले आणि ते दोघांपुढे गाण्यास बंधूंना पाठविले. ते ऐकून दोघांचेही मन द्रवले आणि त्यांनी एकमेकांस आलिंगन दिले. अखेरचे कडवे मृत्यूविषयी आहे. त्यालाही त्यांनी बहीणच मानले. ३ ऑक्टोबर १२२६ रोजी संध्याकाळी पोर्त्सियुंकोला येथे, स्वतःच्याच इच्छेनुसार उघड्या भूमीवर पडून, त्यांनी देह ठेवला. त्या वेळी त्यांचे वय सुमारे चव्वेचाळीस वर्षांचे होते.

१२२८ साली त्यांना संत म्हणून घोषित करण्यात आले. त्यांचे बंधू दूरदूरच्या देशांत गेले. सोळाव्या शतकात ते गोव्यातही आले. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस यांच्या नावाचे भव्य चर्च आजही उभे आहे. १९७९ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी फ्रान्सिस यांना पर्यावरणाचे जतन करणाऱ्यांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. २०१३ साली निवडून आलेल्या पोपनी त्यांचेच नाव धारण केले. २०१५ साली या पोप फ्रान्सिस यांनी पृथ्वीच्या रक्षणाविषयी साऱ्या जगाला उद्देशून एक पत्र प्रसिद्ध केले आणि त्याचे नाव त्या प्राचीन स्तोत्रातूनच घेतले. बागेचा एक भाग राखून ठेवण्याची संतांची आज्ञा त्यात आवर्जून सांगितली आहे. निसर्गाची नासधूस झाली, की तिचा पहिला फटका गरिबांना बसतो, हाही त्या पत्राचा एक मुख्य विचार आहे.

मुलांनो, फ्रान्सिस यांनी मोठे राज्य जिंकले नाही की एखादे यंत्र शोधून काढले नाही. त्यांनी फक्त नाते ओळखले. भावाच्या घरातील धान्य कोणी लुटीत नाही आणि बहिणीच्या अंगणात कोणी घाण टाकीत नाही. नदी, झाड, माती आणि पाखरू यांच्याशी आपले असेच नाते आहे, हे ज्याला पटले, त्याला निसर्गाचे रक्षण करा म्हणून वेगळे सांगावे लागत नाही. आपल्या शाळेच्या बागेत एक कोपरा न खणता, रानफुलांसाठी आणि पाखरांसाठी तसाच राखला, तरी असिसीच्या त्या संताची आज्ञा आपण आठशे वर्षांनंतर पाळली असे होईल.